वगळलेलं स्वयंपाकघर

सरोजिनीबाईंनी तीस वर्षं बडोद्यात भूमिती शिकवली. त्यामुळे कारेलीबागेतल्या आपल्या घराचा तळमजला नऊशे चौऱ्याऐंशी चौरस फूट भरतो, हे त्यांनी स्वतः टेप लावून मोजलं होतं. त्या राहायच्या वर. खालचा मजला रिकामाच होता, म्हणून सरकार तो भाड्याने मागायला आलं तेव्हा त्या खूश झाल्या.

सरकार म्हणजे हिंमतराव. ज्येष्ठ नागरिकांना दाखले देणाऱ्या एका कचेरीचे प्रमुख.

"जागा फर्स्टक्लास आहे, बाई," ते म्हणाले, "पण आमची माणसं आठ. नियमाने आठ माणसांना नऊशे फूट. तुमचे चौऱ्याऐंशी जास्त होतात."

"होऊ द्यात. मी भाडं नऊशेचंच घेईन."

"छे छे! फुकट जागा वापरली तर ती देणगी ठरते. देणगीला वेगळी मंजुरी लागते."

शेवटी तळमजल्यावरचं बाईंचं स्वयंपाकघर नेमकं चौऱ्याऐंशी फुटांचं निघालं आणि करारात 'स्वयंपाकघर वगळून' असं आलं. तिथे जायची वाट मात्र कचेरीतूनच. म्हणून बाईंना कचेरीच्या वेळेत आठ टेबलांमधून जाण्यायेण्याचा हक्कही लेखी मिळाला.

बाई सकाळी खाली येऊन चहा ठेवायच्या आणि बाहेरचं बोलणं ऐकत बसायच्या. एक दिवस हरणी भागातल्या मथुराबाई चौथ्यांदा आल्या. आधी शाई चुकली होती, मग फोटो, मग सही. आता हयात असल्याचा पुरावा हवा होता.

"अरे, मी समोर उभी आहे ना?"

"आजी, उभं राहणं हा पुरावा नाही," कारकून म्हणाला.

सरोजिनीबाईंनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि कचेरीच्याच भिंतीवर लावलेले नियम चष्मा लावून वाचले. अर्जदार स्वतः हजर असेल तर पुरावा लागत नाही, असं सातव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं. तो कागद तिथे लागल्यापासून कुणी वाचलेला दिसत नव्हता. बाईंनी अर्जावर कलमाचा आकडा घातला. दुपारी दाखला हातात.

पंधरा दिवसांत स्वयंपाकघरापुढे रांग लागायला लागली. आठ टेबलांवरची मंडळी ती रांग मोबाइलवरून मान वर करून बघायची.

मग गांधीनगरहून तपासणी अधिकारी आले. रांगेच्या मागोमाग ते थेट ओट्यापाशी पोचले.

"सरकारी जागेत अतिक्रमण! कुणाच्या परवानगीने बसलात?"

बाईंनी करार पुढे केला. "जागा माझी आहे, साहेब. तुम्हीच विनापरवाना आत आलात."

साहेबांनी करार वाचला आणि चटकन उंबऱ्याबाहेर पाय घेतला.

बाईंना हलवायला नियम नव्हता. ती जागा घेण्याचा मात्र एक मार्ग होता: कचेरीत माणसं वाढली की फूटही वाढतात. महिन्याभरात 'मार्गदर्शन सहायक' हे नववं पद मंजूर झालं.

"द्या आता स्वयंपाकघर," हिंमतराव हात जोडून म्हणाले. "नाहीतर कचेरी नंदेसरीला नेतील. कारखान्यांच्या धुरात ही म्हातारी माणसं कशी येणार?"

बाईंनी सही केली. शेगडी वर नेली. हिंमतराव दारात उभे होते, तरी त्या ओटा पुसतच राहिल्या.

नववा माणूस आला. ओट्यामुळे त्याचं टेबल आत मावेना आणि भाड्याच्या जागेत तोडफोड करायला बंदी. तेव्हा त्याला दुसऱ्या कचेरीत कामाला पाठवलं. स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि वर पाटी आली: 'मार्गदर्शन कक्ष'.

मथुराबाई जावेचा अर्ज घेऊन आल्या तेव्हा त्यांनी पाटी वाचली, कुलूप हलवून पाहिलं आणि बाहेर येऊन जिन्याखालून हाक मारली, "अहो सरोजिनीबाई!"

गुडघेदुखीची माणसं जिना कशी चढणार? बाईंनी अंगणात सतरंजी घातली, दोन खुर्च्या मांडल्या. खिडकीतून हिंमतराव ओरडले, "बाई, इथे बसता येणार नाही!"

"का? अंगण करारात नाही."

हिंमतरावांनी कपाट उघडलं, करार काढला, शेवटच्या पानापर्यंत वाचला. मग खिडकीशी आले. अंगणात अकरा जण बसले होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "त्यांना सांगा, सही काळ्या शाईने करा म्हणावं. निळी आम्ही परत पाठवतो."

"असं कुठल्या कलमात आहे?"

हिंमतरावांनी खिडकी लावून घेतली.