एक थर वर

आसावरीने पडद्यावरचे रंग उलटे केले. तांबडं होतं ते निळं झालं, निळं ते तांबडं.

बाहेर हॉलमध्ये केक कापला जात होता. पश्चिम टेक्सासमधल्या नव्या तेलविहिरीचा निकाल आला होता. शेल नावाच्या ज्या काळ्या खडकात तेल तयार होतं, त्याची जाडी आसावरीने सांगितली होती तेवढीच भरली. ती तिने इथे ह्यूस्टनमध्ये बसून, जमिनीत दिलेल्या धक्क्यांच्या प्रतिध्वनींवरून काढली होती. शेल फक्त अपेक्षेपेक्षा जरा वर लागला होता. एवढं इकडेतिकडे व्हायचंच, असं सगळे म्हणाले.

तिला ते पटलं नाही, म्हणून ती परत पडद्यासमोर येऊन बसली. प्रतिध्वनींचा तो सर्व्हे जुना, विकत घेतलेला होता, आणि त्यात रंगांचा संकेत नेहमीपेक्षा उलटा होता. शेलसारखा मऊ खडक निळा, कठीण खडक तांबडा. तिने सवयीने तांबडा पट्टा शेल समजून मोजला होता, आणि ती निघाली शेलखालची चुनखडी. या एका विहिरीपाशी दोन्ही थर योगायोगाने सारखे जाड होते. उत्तरेकडे चुनखडी जाड होत गेली होती आणि शेल जवळजवळ संपला होता. पुढच्या सगळ्या विहिरी उत्तरेलाच खोदायच्या होत्या.

तिने ही चूक सांगणारा चार ओळींचा मेल लिहिला आणि पूर्ण टीमला, भागीदार कंपनीलाही, पाठवून टाकला. पुन्हा वाचला असता तर पाठवला नसता, हे तिला माहीत होतं.

"बाईसाहेब, तुमचा केक आम्हीच खायचा का?"

दारात श्रीरंग होते. तिचे बॉस, तिला या नोकरीत आणणारे. पडद्याकडे नजर गेली तसं त्यांचं हसू विरलं. त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"उलटं?"

"हो."

त्यांनी दार लावून घेतलं.

"रिझल्ट तर मॅच झालाय ना?" आवाज अगदी मऊ होता. "मग झालं तर. पुढच्या विहिरींच्या वेळी हळूच मॅप अपडेट करू. नवा डेटा आला म्हणायचं."

"तोवर खोदकामाची रिग उत्तरेला गेलेली असेल."

"आसावरी, तुझी ग्रीन कार्डची फाइल पुढच्या आठवड्यात जातेय. माझ्या सहीने. यार, जरा डोकं शांत ठेव." त्यांनी खुर्ची ओढली. "कुणाला बोललीस?"

क्षणभर वाटलं, नाही म्हणावं आणि मेल परत ओढून घेण्याची काहीतरी युक्ती शोधावी.

"सगळ्यांना," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधीच मेल केला."

श्रीरंग सावकाश उठले.

"मग दार कशाला लावलं मी," ते म्हणाले आणि जाताना ते उघडंच ठेवून गेले.

हॉलमधलं हसणं-बोलणं आता थेट आत येत होतं. आसावरी मागे न वळता ऐकत राहिली. आधी एक आवाज थांबला, मग दुसरा. मग सगळेच.