बोलणं चालू आहे का?

“वायर ओढण्याआधी विचारायचं. दोन्हीकडे सामसूम वाटली तरी विचारायचं, ‘बोलणं चालू आहे का?’ उत्तर आलं नाही, तरच ओढायची. कळलं का गं धाकटे?”

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पहिल्या दिवशी थोरलीने कानाशी येऊन सांगितलेलं हे आज धाकटीला पुन्हा ऐकू आलं, तेव्हा ती दाराची चौकट धरून उभी होती. थोरली आणि धाकटी काही सख्ख्या बहिणी नव्हेत. बोर्डावर शेजारी बसणाऱ्या दोघींना इतर ऑपरेटर बायकांनी दिलेली ही नावं. बोर्ड गेले, एक्स्चेंज गेलं, केस पिकले. नावं तेवढी चिकटून राहिली.

“म्हणजे मावशीने मोबाइलवर सगळ्यांसाठी लिहिलेलं तुम्हाला दिसलंच नाही?” थोरलीचा भाचा दारातूनच विचारत होता. कामानिमित्त आला होता, म्हणून डोकावला. “घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आता या नव्या ठिकाणी लिहीन, असं सगळं सांगून मग तिने ते जुनं खातं बंद केलं.”

“मला काय दिसतं सांगू? सांधेदुखीचं तेल आणि कोण कुठले नाचणारे लोक. मला वाटलं, रुसली. गेल्या वर्षी ‘ये’ म्हणाली होती, मी गुडघ्याचं निमित्त काढलं. मग फोन केले, ते नुसते वाजत राहिले.”

“उचलून बोलणार कशी मावशी?”

धाकटी खाली बसली. विचारायचं राहिलं होतं. फोन वाजत राहिला आणि तिने मनातल्या मनात वायर ओढून टाकली होती.

हिवाळ्यात थोरलीचा आवाज बसायचा. मग वायरी थोरली जोडायची आणि तिच्या बोर्डावरचं ‘नंबर सांगा’ही धाकटीच म्हणायची. “तुझा आवाज बसला की माझा घे. कायमचा घे हवा तर,” असं ती हसत म्हणालीही होती. थोरली मात्र हसली नव्हती. “बघ हं, घेईन,” एवढंच म्हणाली होती.

भाचा मावशीच्या मोबाइलवरच्या त्या नव्या ठिकाणाचा पत्ता देऊन गेला. सून मोबाइल घेऊन शेजारी टेकली.

“आई, हे कुठल्या एका कंपनीचं नाही म्हणे. लोकांनी ठिकठिकाणी आपापले सर्व्हर चालवलेत. थोरल्या मावशी त्यांच्याकडच्या वाचनालयाच्या सर्व्हरवर आहेत. आपण कुठेही खातं उघडलं तरी बोलणं पोचतं.”

“त्यात नवल काय? आमचं तसंच होतं. त्यांचं एक्स्चेंज निराळं, आपलं निराळं. मधे लाइन असली की झालं.”

“शिवाय जाहिराती नाहीत.”

“तेलसुद्धा नाही? मग माझ्या गुडघ्यांनी बघायचं कुणाकडे?” धाकटी हसली आणि पदराने डोळे टिपले.

“खातं विणकामवाल्यांच्या सर्व्हरवर उघडू, की बागवाल्यांच्या?”

“विणकाम मला कुठे येतं? पहिल्याच पावलाला खोटं नको. बागेत घाल. एक कुंडी आहे आपली.”

“तिच्यात काही उगवत नाही, आई.”

“तेही लिही.”

अर्जात ‘तुम्हाला इथे का यायचं आहे?’ असा प्रश्न होता. धाकटीने थोडा विचार करून सांगितलं, “लिही, एका मैत्रिणीशी बोलणं अर्धं राहिलंय.”

ते कुणी तरी माणूस वाचणार आणि मग आत घेणार, म्हणजे थांबणं आलं. संध्याकाळी जपाला बसली, तर देवाचं नाव घेता घेता मधेच थोरलीचं यायचं. तिने सावरलं नाही. देवाने काही मनावर घेतलं नसेल.

सकाळी उत्तर आलं होतं. ‘या आजी. कुंडीचं आपण बघू. मैत्रिणीला आधी गाठा.’

सुनेने थोरलीचं पान काढून दिलं. तिथे फारसं काही नव्हतंच. एकच ओळ होती.

‘बोलणं चालू आहे का?’

त्याखाली आदल्या सकाळची तीच. त्याखाली त्याच्या आदल्या सकाळची. ड्यूटी सुरू व्हायच्या वेळेला, नेम धरावा तशी रोज. एकाही ओळीला उत्तर नव्हतं. कुणी एखादी ओळ वर आणली नव्हती, दडवली नव्हती. जशी लिहिली, तशी ओळीने उभी होती. वाट पाहणाऱ्या माणसांसारखी.

“मी लिहू का, आई?”

“नको. हे माझं मला करू दे.”

एका बोटाने अक्षरं शोधत तिने लिहिलं, ‘चालू आहे.’

फोन मांडीवर ठेवून ती बसून राहिली. दूध वर आलं, सून धावली. मांडीवर काही तरी थरथरलं.

‘धाकटे. किती उशीर. फोन वाजला की अजून माझा हात पुढे जातो. तिथेच थांबतो.’

धाकटीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. उठून तिने पिशवी काढली, दोन साड्या घातल्या, घशाच्या गोळ्यांची डबी घातली.

“आई, अहो गुडघा?”

“त्याला कुणी विचारलंय? तू तेवढं लिहून ठेव तिला, निघाली म्हणून.”

जिना ती कठड्याला धरून उतरली. बस यायची होती. थांब्यावरच्या बाकाच्या टोकाला टेकून तिने घसा साफ केला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणून पाहिलं, “हॅलो. बोला, थोरलीकडून बोलतेय.”