उतरलेला ताप

माझ्या पोटात चिमूटभर पारा आहे आणि अंगावर चौऱ्याण्णव ते एकशे आठ असे आकडे. तेवढंच माझं शिक्षण. मी थर्मामीटर बोलतोय, जयपूरच्या प्रताप नगरात राहणाऱ्या साळव्यांच्या घरातला.

कुठल्या कारखान्यात मला काचेची कातडी चढवली, ते आठवत नाही. आठवतं ते राजा पार्कमधलं औषधांचं दुकान. २००३ साली विभा तिथे आली, सातवा महिना लागलेला. तिने मला उजेडात धरून विचारलं, "भैया, सही तो दिखाता है ना?" दुकानदार म्हणाला, "मैडम, झूठ बोलना इसको आता ही नहीं।" मी फुगलो. खरं बोललं की काम संपलं, असं तेव्हा मला वाटायचं.

विभा मूळची नगरची, बी. एस्सी. झालेली. नवरा विनय रेल्वेत, त्याच्या बदलीने सगळे इकडे आले. बरोबर सासूबाई, प्रतिमाबाई. मग करुणा जन्मली आणि मला क्षणाची उसंत उरली नाही. पोरगी शिंकली, लाव थर्मामीटर. जास्त झोपली, लाव. खूप हसली तरी विभा तिच्या काखेत मला सरकवायची.

"अगं, पोर आहे की दुधाचं पातेलं, सारखं बघायला?" सासूबाई म्हणायच्या.

"दूध बघणाऱ्याची पाठ वळली कीच उतू जातं, आई."

रोज सकाळी विभा प्रार्थना करायची. "प्रभू, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," असं म्हणायची आणि डोळे उघडले की पहिला हात माझ्याकडे. मग स्वतःशीच पुटपुटायची, "पूर्ण म्हणे." मला मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. देवापाठोपाठ माझाच नंबर, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

२००६ चा ऑक्टोबर आला. दुपारचं ऊन हटत नव्हतं, म्हणून खिडकीतल्या कूलरमध्ये अजून पाणी होतं. त्यावर डास बसायचे, पाय दुमडून, पाहुण्यांसारखे. मंगळवारी करुणाला एकशे तीन ताप भरला. बुधवारी एकशे चार. डॉक्टरांनी रक्त घेतलं, डेंगूचा संशय सांगितला. म्हणाले, "बच्ची सुस्त पड़े तो फ़ौरन ले आना।"

सासूबाईंनी उपास धरला, पाण्याचा थेंबही न घेता. शुक्रवारी चर्चच्या मराठी मंडळीतली आठ-दहा माणसं घरी येऊन गुडघ्यावर बसली. सगळ्यांचं मागणं एकच, ताप उतरू दे. शनिवारी संध्याकाळी माझा पारा खाली आला. अठ्ठ्याण्णव. सासूबाई माझ्याकडे पाहून रडल्या. इतक्या प्रेमाने मला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली की प्रभूने नातीला बरं केलं. हे मला कळलं ते दुपारी, लोक पेढे घेऊन घरी आले तेव्हा. कोणी म्हणालं, "प्रतिमाताई, तुमचा विश्वास म्हणजे खडक." करुणा पलंगावर पडून होती. पेढ्याकडे तिने पाहिलंही नाही. तीन वर्षांची पोर, पेढ्याकडे पाहिना.

विभाने मला तिच्या काखेत ठेवलं. सत्त्याण्णव पूर्णांक चार दशांश. अगदी सुंदर आकडा. पण त्या काखेत मला जे जाणवलं, त्याला माझ्या अंगावर रेघ नाही. माठासारखी ओलसर, गार कातडी. आणि आत काहीतरी फार भरभर, फार बारीक धडधडत होतं.

पाहुणे गेल्यावर विभा म्हणाली, "आई, हिचे पाय गार लागतायत. सकाळपासून शू पण केली नाही."

"ताप उतरला की घाम येतो, पाय गार पडतातच."

"झोपेतून उठत नाहीये नीट."

"दमलीय पोर. विभा, मी आज सकाळीच सगळ्या मंडळीपुढे साक्ष दिलीय. दिवस मावळला नाही तोवर दवाखान्यात पळायचं? देवाने दिलं ते खोटं होतं, असं सांगायचं का लोकांना?" मग त्यांचा आवाज बारीक झाला. "दोन दिवस पाणी घेतलं नाही गं मी."

विभा मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून तिने मला पुन्हा पुन्हा पाहिलं. आई असून तिला ताप चढलेला हवा होता, म्हणजे हातात दाखवायला काहीतरी आलं असतं. मी तिच्यासाठी एक रेघही चढू शकलो नाही.

"मी घाबरट आहे, हे तुला माहीत आहे," ती प्रभूशी बोलू लागली. "हा माझा घाबरटपणा आहे की तू सांगतोयस, मला कळत नाही. तू काहीच बोलत नाहीस. मी जाते. चुकले तर हसू दे लोकांना. तू फक्त बरोबर चल."

बाहेर येऊन ती विनयला म्हणाली, "स्कूटर काढा."

"ताप किती?"

"सत्त्याण्णव."

"मग?"

"मग काही नाही. काढा."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, अडवतील. त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि करुणाच्या पायांभोवती घट्ट गुंडाळली. "वारा लागू देऊ नको," एवढंच म्हणाल्या.

पर्समधून मीही गेलो. डॉक्टरांनी करुणाचं नख दाबून सोडलं. त्याचा रंग परत येईना. "अच्छा किया आ गईं। बुखार उतरते ही लोग निश्चिंत हो जाते हैं। ख़तरा तो अब शुरू होता है।"

ते ऐकलं आणि माझा पारा जागच्या जागी थिजला. कालचा तो अठ्ठ्याण्णवचा आकडा, ज्याच्याकडे पाहून सासूबाई रडल्या, तो मीच दिला होता.

आज सोमवार, दुपार. मी सलाईनच्या स्टँडशेजारी, पत्र्याच्या टेबलावर आहे. प्लेटलेट काल साठ हजार होत्या, आज अठ्ठावीस. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या आहेत. मंडळीतली एक बाई भीत भीत विचारून गेली, "ताई, तुम्ही तर साक्ष दिली होतीत ना?"

"दिली होती. घाईने दिली," त्या म्हणाल्या. "आता काही सांगत नाही. नुसती बसलेय प्रभूपाशी."

विभाने सकाळपासून मला हात लावलेला नाही. तिच्या आजवरच्या सगळ्या प्रार्थनांत देवाने काय करायचं याची सूचना असे. आजच्या प्रार्थनेत सूचना नव्हती. "मला ही हवी आहे, तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाली. "पुढचं मला दिसत नाही. हात मात्र सोडू नकोस."

आयांनो, मला वापरा, पण माझ्यावर विसंबू नका. मी फक्त या घडीचं सांगतो. पुढच्या घडीची रेघ कोणत्याच काचेवर नसते. लेकराच्या पायांनाही हात लावून बघत जा.

करुणाचा पाय अजून गार आहे. विभाचा तळवा त्याच्यावर आहे. डॉक्टर फाइल घेऊन आत येताहेत. विभा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. हात न काढता तिने डोळे मिटले आहेत.