सही कॉलेजशी होते

मनुष्य ज्या दाराने नोकरीत शिरतो, त्याच दारात तो पुढे कधी अडकून पडेल, हे त्यास आधी कळत नाही. डॅरिन होल्ट्झ याच्या बाबतीत ते दार म्हणजे आयोवा राज्यातील ब्रॅडवेल कॉलेजच्या व्यायामशाळेमागची एक अरुंद कचेरी होती. नोव्हेंबर महिन्यातील एका शुक्रवारी दुपारी त्याच्या वरिष्ठाने ते दार आतून लावून घेतले.

"बस," रॉस लिंडक्विस्ट म्हणाला.

रॉस हा ब्रॅडवेलच्या मुलींच्या सॉकर संघाचा मुख्य कोच, आणि डॅरिन त्याचा सहायक. गावोगावच्या शाळांतून खेळाडू मुली हेरून आणण्याचे काम डॅरिनचे, आणि त्या आल्यावर त्यांना भुरळ पाडण्याचे काम रॉसचे, अशी त्यांची विभागणी होती. हंगाम नुकताच संपला होता. संघ उपांत्य फेरीत हरला, तरी हरण्याची पद्धत अशी शोभिवंत होती की वर्तमानपत्रांनी जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांचेच अधिक कौतुक केले.

"मी चाललोय," रॉस म्हणाला. "दक्षिणेत. मोठं विद्यापीठ आहे. गुरुवारी सकाळी जाहीर होईल. तोवर तुझ्या बायकोलासुद्धा कळता कामा नये."

"आणि मी?"

"तू माझ्याबरोबर. तुझ्याशिवाय माझं चालणार कसं? मला तर पोरींची नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत." तो हसला, मग थांबला. "पण बुधवारी सह्या आहेत, आणि त्या होईपर्यंत तोंडाला कुलूप. इथल्या क्रीडासंचालकाचं आणि माझं तसं ठरलंय. पोरी सह्या करतील, मग मी जाईन. कुणाचं काही बिघडणार नाही."

"पोरींचं?"

"सही कॉलेजशी होते, डॅरिन. माझ्याशी नाही."

हे अक्षरशः खरे होते. त्या जगाची रीतच तशी आहे. मुलगी सोळा वर्षांची झाली की एखाद्या कॉलेजला तोंडी शब्द देते. शब्द दिला की बाकीचे कोच तिच्यामागे लागत नाहीत. जो लागतो तो निर्लज्ज समजला जातो, आणि जी मुलगी त्याचा फोन उचलते तिच्याविषयीही लोक बरे बोलत नाहीत. पुढे शाळेच्या शेवटच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, त्या शब्दावर सही होते. त्या सहीने कॉलेज एक वर्षाच्या शिष्यवृत्तीला बांधले जाते आणि मुलगी कॉलेजला बांधली जाते. ज्या माणसाच्या भरवशावर ती येते, त्याचे नाव त्या कागदावर कोठेही नसते.

डॅरिन घरी गेला तेव्हा त्याची बायको मिशेल सोफ्यावर पाय वर करून पडली होती. तिला सातवा महिना लागला होता. प्रकृतीमुळे तिने बालवाडीची नोकरी सोडली होती, आणि दोघांचा, किंबहुना तिघांचा, दवाखान्याचा विमा आता डॅरिनच्या नोकरीवर उभा होता.

"चेहरा का असा?" तिने विचारले. "रॉसने परत काही घोळ घातला का?"

"नाही. उद्या ती नेब्रास्काची पोरगी येतेय. त्याचंच डोक्यात आहे."

"ब्रिन ना? मग आनंदी दिस जरा. दोन वर्षं तिच्याच गोष्टी ऐकतेय मी. आपल्या बाळाचं नाव ठरवायला तू एवढा वेळ दिला असतास तर बरं झालं असतं."

तो हसला, परंतु त्या हसण्यात जीव नव्हता. मुख्य कोच बदलला की नवा कोच आपली माणसे घेऊन येतो आणि जुना सहायक केरासोबत बाहेर जातो, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. रॉसबरोबर गेला तर नोकरी होती. तोंड उघडले तर येथेही ठिकाणा नव्हता आणि तेथेही नव्हता.

शनिवारी ब्रिन शॉवाल्टर आपल्या वडिलांबरोबर आली. उंच, काटकुळी, फार थोडे बोलणारी मुलगी. चेंडू पायाशी आला की इतर मुली धावतात. ही क्षणभर थांबून मान वर करीत असे. केवळ त्या थांबण्यासाठी डॅरिनने तिच्या गावी फेऱ्या मारल्या होत्या. तिचे वडील लायल हे घरोघर गॅसच्या टाक्या भरणारी मोठी गाडी चालवीत. आई वृद्धाश्रमात कामाला होती, आणि शनिवारची पाळी बदलून न मिळाल्याने ती आली नव्हती.

"मला या खेळातलं एकच कळतं," लायल म्हणाले, "की माझी पोर पडली की शिट्टी वाजायला हवी. आणि ती कधीच वाजत नाही."

"बाबा, प्रत्येक वेळी पडणं म्हणजे फाउल नसतं."

"तुझ्या आईलाही मी हेच सांगतो, ती ऐकत नाही."

रात्रीच्या भोजनास रॉस आला, आणि तो आल्याबरोबर टेबलावर दिवा लागल्यासारखे झाले. त्याने लायल यांच्या गाडीची चौकशी केली, आईसाठी खास पाव बांधून देण्यास सांगितले, आणि मग पुढच्या हंगामाकडे वळला.

"बचावफळी सगळीच्या सगळी परत येतेय. गोलकीपर परत येतेय. पुढे तर आपल्याकडे दोन अशा पोरी आहेत की त्यांच्यामागे धावून समोरच्या पोरींचे पाय दुखतात. आम्हाला कमी आहे ती एकच गोष्ट. मधल्या फळीत चेंडू थांबवून विचार करणारी मुलगी." त्याने काटा खाली ठेवला. "तीही मला सापडलीय."

ब्रिनचे कान लाल झाले. लायल आपल्या ताटातील मांस कापीत राहिले.

"तुम्ही बोलता छान," ते म्हणाले. "आमच्याकडे असे लोक ट्रॅक्टर विकतात."

रॉस मनमोकळा हसला आणि डॅरिनकडे वळला. "काय डॅरिन, खोटं बोलतोय का मी?"

"नाही," डॅरिन म्हणाला. "संघ चांगला होणार आहे."

वस्तुतः त्या भाषणात असत्य असे काहीच नव्हते. त्यातून 'मी' आणि 'आम्ही' एवढे दोन शब्द काढून टाकले असते, तर ते बायबलवर हात ठेवूनही करता आले असते. परंतु त्या दोन शब्दांवरच ती मुलगी भाळली होती, आणि ते शब्द तिच्या घरापर्यंत प्रथम पोचविणारा मनुष्य डॅरिनच होता. त्याने बटाट्याची बशी लायल यांच्यापुढे सरकविली.

रविवारी सकाळी मैदानावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. रॉस अकरा वाजता निरोपाच्या कॉफीसाठी येणार होता. तत्पूर्वी ब्रिनला मैदान पाहावयाचे होते. ती गोलखांबापर्यंत चालत गेली आणि बुटाच्या टाचेने जमीन दाबून पाहू लागली. लायल हात खिशात घालून डॅरिनजवळ उभे राहिले.

"कोच, एक विचारू? आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोरीने सही केली आणि महिन्याभरात तिचा कोच गेला. नव्याने तिला वर्षभर बाकावर बसवलं. तुम्ही दोघं पुढच्या वर्षी इथे असणार ना?"

प्रश्न साधा होता. उत्तर 'होय' एवढ्या दोन अक्षरांचे होते, आणि ते ओठांवर आले असते तर सगळ्यांचा प्रवास सुखाचा झाला असता. डॅरिनने तोंड उघडले. थंडीमुळे त्यातून केवळ वाफ निघाली. ब्रिन तेवढ्यात परत येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली होती.

"मी तुमच्या जागी असतो," तो शेवटी म्हणाला, "तर बुधवारी सही केली नसती. शुक्रवारपर्यंत थांबलो असतो."

लायल यांना अर्थ समजण्यास थोडा वेळ लागला. ब्रिनला मुळीच लागला नाही.

"शुक्रवारपर्यंत थांबून जायचं कुठे?" तिने विचारले.

"इतर कॉलेजं आहेत. तुझ्यासारखीला..."

"कोच, वसंतात मला कॅन्ससवाल्यांचा फोन आला होता. मी उचलला नाही. तुम्हीच म्हणाला होतात, ब्रॅडवेलला शब्द पाळणाऱ्या पोरी हव्यात. त्यांनी दुसरी घेतली. मिनेसोटावाल्यांचीही जागा भरली. सगळ्यांच्याच भरल्यात. बुधवार आलाय."

डॅरिनने तसे सांगितले होते. तेव्हा ते त्याला मनापासून खरेही वाटले होते.

"आणि मी सही केली नाही," ब्रिन पुढे म्हणाली, "तर नवा जो कोण येईल त्याला मी कोण? तो म्हणेल, ही पोरगी माझी नाही. तेव्हा शिष्यवृत्तीही गेली. सही केली तर निदान वर्षभर ते मला काढू शकत नाहीत."

"म्हणजे केली तर अडकलीस, नाही केली तर उघड्यावर पडलीस," लायल म्हणाले. मग त्यांनी डॅरिनकडे पाहिले. त्या पाहण्यात राग होता, तथापि तो फार वेळ टिकला नाही. "हे सांगून तुम्ही आमचं काय भलं केलंत, ते मला कळत नाही, कोच. पण सांगायला तुम्हाला जड गेलं, एवढं दिसतंय."

डॅरिन मान खाली घालून उभा राहिला. आपण त्यांच्यासाठी पिंजऱ्याचे दार उघडीत आहोत, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्याने त्यांस फक्त गज दाखविले होते, आणि दिलेला सल्लाही चुकीचाच होता. त्या मुलीने तो उभ्या उभ्या तपासून परत केला.

कॉफीच्या दुकानात रॉस आधीच येऊन बसला होता. त्याने ब्रिनसाठी कॉलेजची टोपी आणली होती. बुधवारी शाळेत सर्वांसमोर सही करताना मुलगी जी टोपी डोक्यावर चढविते ती. ब्रिनने ती हातात घेतली.

"कोच, एक विचारायचंय. पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल ना?"

लायल यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. रॉसच्या चेहऱ्यावरचे हसू तसूभरही हलले नाही. केवळ त्याची दृष्टी क्षणभर डॅरिनकडे जाऊन आली.

"मी कुठे जाणार, ब्रिन? तुझ्यासारख्या खेळाडूला सोडून?"

"बरं," ब्रिन म्हणाली. "एवढंच ऐकायचं होतं."

तिने टोपी टेबलावर ठेवली नाही, डोक्यावरही घातली नाही. घडी मोडणार नाही अशी ती जॅकेटच्या खिशात सरकविली आणि वडिलांना म्हणाली, "निघूया, बाबा. आई वाट बघत असेल."

त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर रॉस आपल्या गाडीला टेकून उभा राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर डॅरिनला बरे वाटले असते.

"किती सांगितलंस?"

"शुक्रवारपर्यंत थांब, एवढंच."

"तिने ऐकलं?"

"नाही. ती सही करणार आहे."

"मग कशासाठी केलंस हे? पोरगी आहे तिथेच राहिली. फक्त तुझी जागा गेली." रॉसने गाडीचे दार उघडले. "मी तिकडे दुसरा माणूस बघतो. मिशेलला माझा नमस्कार सांग."

त्या संध्याकाळी डॅरिनने मिशेलला सर्व सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले.

"तिला काही उपयोग झाला असता, तर मी तुला शाबासकी दिली असती," ती म्हणाली. "आता काय म्हणू? जेवायचं का?"

बुधवारी ब्रिनने शाळेच्या व्यायामशाळेत, समारंभासाठी आणलेल्या केकच्या शेजारी बसून, सही केली. छायाचित्रात टोपी तिच्या डोक्यावर होती आणि तिचे डोळे टोपीच्या सावलीत होते. गुरुवारी सकाळी रॉसचे नाव दक्षिणेकडच्या वर्तमानपत्रांत झळकले. त्यानंतर तासाभरात क्रीडासंचालकाने डॅरिनला बोलावून घेतले.

"नवा कोच येईपर्यंत तूच सांभाळ," तो म्हणाला. "बहुधा जानेवारीपर्यंत. पुढचं तो ठरवेल, मी त्यात पडणार नाही. सही केलेल्या सगळ्या पोरींना आजच फोन कर. त्यांना सांग, संघ मजबूत आहे, हंगाम उत्तम जाणार. कुणी रडारड करता कामा नये."

डॅरिन त्या अरुंद कचेरीत येऊन बसला. रॉसच्या टेबलावरील वस्तू गेल्या होत्या. धुळीत त्यांचे चौकोन मात्र राहिले होते. पहिला फोन त्याने नेब्रास्कालाच लावला.

"ब्रिन, मी डॅरिन."

"वाचलं मी," ती म्हणाली. मागे तिच्या आईचा आवाज येत होता. बशा धुतल्या जात असाव्यात. "तुम्हाला नेलं नाही त्यांनी?"

"नाही."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. मी बोललो म्हणून."

क्रीडासंचालकाने पढविलेली वाक्ये डॅरिनला तोंडपाठ होती. बचावफळी परत येत होती, गोलकीपर परत येत होती, आणि मधल्या फळीतली मुलगी फोनवर होती. त्यांतले एकही वाक्य त्याच्याने उच्चारवेना.

"हिवाळ्यात मी काय करू?" ब्रिनने विचारले. "पळण्याचा सराव लांबचा करू, की छोट्या जोराच्या धावा? ते ठरवतं कोण आता?"

"नवा कोच कसा खेळवतो ते कुणालाच माहीत नाही."

"मग?"

"मग दोन्ही कर," डॅरिन म्हणाला. "सोमवारपासून. मी इथे आहे तोवर रोज विचारीन."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने कागद शोधण्यासाठी आईला हाक मारली. डॅरिन फोन कानाशी धरून तिची वाट पाहत राहिला.