धुऱ्यावरचं वाचन

“भाऊ, जोरानं वाचा ना. इकडल्या कोन्यात काहीच आयकू येऊन नाही राहिलं,” कुंताबाई बांधीतून म्हणाली.

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक. खाली आमच्याच बांधीत, पाणी साचलेल्या खाचरात, बाया वाकून धान रोवत होत्या. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. बायांना गोष्ट वाचून दाखवत होतो आणि ओळ सुटली होती.

“गोष्ट हाये का सातबारा वाचून राहिले?” कुंताबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

हे काम माझं नव्हतं. माझ्या बायकोचं, निर्मलाचं होतं. ती गावच्या शाळेत मास्तरीण. रोवणी लागली की मोठ्या पोरी शाळा सोडून आयांबरोबर बांधीत जायच्या. निर्मला घरोघरी सांगून थकली. मग पंच्याहत्तर साली एका रविवारी ती शाळेतलं पुस्तक घेऊन सरळ धुऱ्यावर गेली. आमची उषा तेव्हा अंगावर पीत होती. तिला बाभळीच्या फांदीला झोळी बांधून निजवलं आणि निर्मला वाचायला लागली. गोष्ट रंगात आली तसं तिनं पुस्तक मिटलं.

“पुढचं शाळेत,” ती बायांना म्हणाली. “एका पोरीले पाठवा. ते वाचून येईल अन् तुमाले सांगेल.”

बायांना राहवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंताबाईची चंद्रकला शाळेत पाठवली आणि तिच्या वाट्याची रोवणी आपसात वाटून घेतली. मग दुसरीची पाळी आली, तिसरीची आली. दोन-तीन वर्षांत पाळ्या मोडल्या. पोरी रोजच शाळेत जायला लागल्या.

घरी माझी आई बोलायची, “सुनबाई, गावाच्या पोरी शिकवून झाल्या असतील तं आंधण ठेव.” निर्मला आंधण ठेवायची आणि चुलीपुढं बसून उद्याचं पान मोठ्यानं वाचून पाहायची. उषा मांडीवर. आई भिंतीकडे तोंड करून बसायची. पण वाचणं मधेच थांबलं की तिकडूनच विचारायची, “मंग? सापडला का तो?”

चौऱ्याऐंशीत निर्मलाचं छातीचं दुखणं निघालं. बोलताना धाप लागायची. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला मनाई केली. शाळेतून रजा घ्यावी लागली. रजेचं तिला काही वाटलं नाही, पण रोवणी जवळ आली तशी ती बेचैन झाली.

“एक वर्ष बंद पडलं तं पोरी पुन्हा बांधीत जातील,” ती म्हणाली. “तुमी वाचा.”

“मी? बाया हसतील मले.”

“हसू द्या. हसल्या म्हंजे आयकतात.”

म्हणून मी धुऱ्यावर उभा राहिलो. रोज संध्याकाळी तिच्या खाटेजवळ बसून दुसऱ्या दिवशीचं पान वाचायचो. ती डोळे मिटून ऐकायची.

“इथं थांबा,” हळूच म्हणायची. “बायाइच्या माना वर आल्या का पाहा. आल्या तं थांबाच. माना खाली गेल्या, हात चालू झाले, की मंग पुढं.”

इतकी वर्षं ती पुस्तकाइतकीच त्यांच्या हातांकडे पाहत होती, हे मला तेव्हा कळलं.

त्या वर्षीची गोष्ट नदीत डोंगा चालवणाऱ्या एका बाईची होती. पुरात तिची म्हैस पलीकडच्या काठाला लागते. सारं गाव नको म्हणतं, तरी ती डोंगा पाण्यात घालते. मी घरी आलो की निर्मला विचारायची, “आज कोण काय म्हनलं?” मी सातबाऱ्याचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला आला. मी घाबरलो. ती हात हलवून म्हणाली, “काही नाही, सांगा ना अजून.”

डोंगा नदीच्या मधोमध होता तेव्हा निर्मला गेली. सकाळी चहा घेऊन खाटेजवळ गेलो, तर काही उरलं नव्हतं.

तेरवी झाली. एक बांधी रोवायची राहिली होती आणि पऱ्ह्यातली धानाची रोपं म्हातारी होत चालली होती. बाया न बोलावता आल्या. चिखलात उतरल्या, रोवायला लागल्या. कोणी कोणाची थट्टा करेना. गोष्टीचं नाव कोणी काढलं नाही.

मला ते सहन झालं नाही. घरी जाऊन पुस्तक आणलं आणि धुऱ्यावर उभा राहून वाचायला लागलो. डोंगा भोवऱ्यात सापडला तशा बायांच्या माना वर आल्या. मी थांबलो. माना खाली गेल्या, हात चालू झाले. मी पान उलटलं. हे पान मी तिच्यापुढं वाचलेलं नव्हतं. अक्षरं दिसत होती, पण आवाज निघेना.

चंद्रकलानं हातातली रोपांची पेंडी खाली ठेवली. आता ती मोठी झाली होती, दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. तिनं पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि धुऱ्यावर आली.

“आणा काकाजी, मी वाचतो,” ती म्हणाली.

मी पुस्तक दिलं. तिनं वाचायला सुरुवात केली. एका ठिकाणी थांबली, खाली बायांकडे पाहिलं, थोडं थांबून पुढं वाचलं. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

खाली तिची जागा रिकामी होती. आमच्याकडे चिखल करायचा तो पुरुषांनी, पेंड्या फेकायच्या त्याही त्यांनीच. रोवायला बायाच. मी धोतर वर खोचलं आणि उतरलो. तिची पेंडी उचलली. बायांनी सरकून मला जागा केली.

मी खाली वाकून रोवू लागलो. रोपं नीट रुतत नव्हती, काही आडवी होऊन तरंगत होती. शेजारी कुंताबाई होती. ती गोष्ट ऐकत होती आणि हात लांब करून माझ्या ओळीतली रोपं एकेक करून पुन्हा सरळ लावत होती.