दोन उशा लागणारी बाई

मी एक जुना हृदयाचा नमुना आहे, प्लास्टरचा. माझे कप्पे बिजागरीवर उघडतात आणि डावीकडची झडप काढून पुन्हा बसवता येते. मित्रांनो, मला सांगायचं आहे ते एका साध्यासुध्या दिवसाबद्दल. तसा दिवस नंतर आला नाही.

मॅडमनी मला नेहमीसारखं उराशी धरलं आणि त्या वर्गाचा जिना चढू लागल्या. मधल्या वळणावर थांबल्या, कठड्याला टेकल्या. माझ्या पाठीशी त्यांचं खरं हृदय अडखळत धडधडत होतं. माझा जीव कासावीस झाला. पण मी प्लास्टरचा, सांगणार कोणाला?

मॅडम येण्यापूर्वी मी कपाटात धूळ खात होतो. मुलं माझे भाग घोकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. मॅडमनी आधी रुग्ण सांगायला सुरुवात केली, मग माझी पाळी. रुग्ण कोण, हे मात्र विचारायचं नाही, असा वर्गाचा नियम.

त्या दिवशी त्यांनी रुग्ण सांगितला, "साठीची बाई. जिन्यात धाप लागते. झोपताना दोन उशा लागतात. संध्याकाळी पावलं सुजतात. कुठे अडलंय?"

"मॅडम, तिला तळमजल्यावर घर घ्यायला सांगा," मागून एकजण म्हणाला.

"तू आधी पुढच्या बाकावर घर घे." वर्ग हसला.

तो पुढे आला. माझी झडप चाचपून म्हणाला, "ही नीट उघडत नसेल. रक्त मागे फुफ्फुसांत तुंबणार. आडवं झालं की जास्तच. म्हणून उशा."

"मग?"

"लगेच तपासायचं. वाट बघायची नाही."

"शाब्बास!"

टाळ्या वाजल्या, मुलं गेली. मॅडमच्या पावलांकडे कोणी पाहिलंच नाही.

मॅडमना न्यायला आलेली त्यांची मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. घरी दुसरी उशी तिनेच आणून दिली होती. आता विचारेल, आता विचारेल, असं मला वाटत राहिलं. "चल गं आई, उशीर होतोय," एवढंच ती म्हणाली. मला कपाटात तिनेच ठेवलं, आईला उचलू दिलं नाही.

त्याच रात्री मॅडम झोपेत गेल्या.

मित्रांनो, मला पुसा, माझी झडप हरवू नका. पण माझ्यावर जे शिकाल ते घरीही घेऊन जा. भीती वाटली तरी आपल्या माणसाला विचारा.

आज ती मुलगी आईचं सामान न्यायला आली. रिकाम्या वर्गात मला हातात घेऊन बसली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "ती बाई कोण, ते मला कळलं होतं. तू 'हो' म्हणशील, म्हणून मी विचारलं नाही."