विद्यानगरच्या माळ्यावरचे हाड

मी एक जुने हाड आहे. माणसाच्या उजव्या मांडीचे. तुमच्याही मांडीत माझ्यासारखे एक आहे, शरीरातले सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट. मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. माझेही तुमच्यावर फारसे प्रेम उरलेले नाही. चाळीस वर्षे मी एका माणसाच्या आत काढली आणि त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे माणसांच्या हातात. आतली वर्षे बरी होती.

तो माणूस राजय्या नावाचा हमाल होता. हैदराबादला नामपल्लीच्या स्टेशनावर तो तांदळाची पोती उतरवी. एकदा मालगाडीच्या वाघिणीतून पोते घसरून त्याच्या अंगावर आले आणि मी मधोमध मोडलो. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातले, पण पुरते भरून येण्याआधीच तो कामावर गेला. मी वाकडा सांधलो. ज्या जागी मोडलो होतो तिथे बांबूच्या पेरासारखी गाठ राहिली. पुढे राजय्याला क्षय झाला. फुफ्फुसे पोखरली गेली, अंग वाळत गेले आणि एका उन्हाळ्यात तो वॉर्डातल्या खाटेवरच गेला. प्रेत न्यायला कोणी आले नाही. नियमाप्रमाणे वाट पाहून ते एका वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आले.

तिथे शरीरशास्त्राच्या विभागात अंबाजी नावाचे शिपाई होते, नांदेडकडचे. त्यांनी मला कित्येक दिवस पाण्यात ठेवले, मग चुन्याच्या निवळीत, मग उन्हात. आतली चरबी निघून जावी म्हणून माझ्या दोन्ही टोकांशी बारीक भोके पाडली आणि वरून व्हार्निशचा हात दिला. ते मला टेबलावर दोन्ही हातांनी ठेवीत. मुलांनी हाडांची लढाई खेळायला सुरुवात केली की ते चिडत. एवढ्या वर्षांत माझ्याशी नीट वागलेला तेवढा एकच माणूस मला आठवतो.

सर लोक माझे कौतुक करीत. जुळलेले हाड कसे असते ते दाखवायला मला वर्गात उंच धरीत. पण कौतुक गाठीचे होते. ती गाठ ज्याची, त्याचे नाव कोणी विचारले नाही. पुढे आमचे संच कॉलेजातून बाहेर पडले. कसे पडले ते विचारू नका. एका मुलाने परीक्षा झाल्यावर पुढच्याला द्यायचे, त्याने त्याच्या पुढच्याला, असा मी हिंडत राहिलो आणि सत्त्याऐंशी साली परागच्या हाती आलो.

पराग परभणीचा. हुशार आणि कष्टाळू. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून तो विद्यानगरला भगवंतरावांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिला. भगवंतराव न्यायालयातून निवृत्त झालेले कारकून. मराठी मुलगा आहे म्हणून त्यांनी खोली दिली. पराग मला मांडीवर घेऊन पाठ करी. कोणता स्नायू माझ्यावर कुठे सुरू होतो ते लाल पेन्सिलीने आणि कुठे संपतो ते निळ्या पेन्सिलीने आखी. पुढे एक्याण्णवच्या सुमारास सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आला. देश उघडला आहे, आता बाहेर जाता येईल. परागच्या भिंतीवर अमेरिकेतल्या परीक्षेचे वेळापत्रक लागले.

खालच्या मजल्यावर भगवंतरावांचा मुलगा प्रकाश आणि त्याची बायको मीना राहत. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. प्रकाशचा आवाज वरपर्यंत येई. भाजीत मीठ कमी पडले तरी येई. मग काहीतरी आपटल्याचा आवाज येई आणि मीनाचा मुळीच येत नसे. एका दुपारी मात्र आला. जिन्यावरून धडधडत काही खाली गेले आणि ती ओरडली, "ढकलू नका हो!" पराग खोलीतच होता. त्याने पुस्तकातून मान वर केली, दाराकडे पाहिले, आणि टेपरेकॉर्डरवरचे गाणे मोठे केले.

मीनाची उजवी मांडी मोडली होती. भगवंतरावांनी कॉलनीत सांगितले की सून पाय घसरून पडली. दवाखान्यात तिच्या हाडात पोलादी सळई घातली.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये पराग अमेरिकेला गेला. कवटी त्याने मित्राला दिली. मी, पायाचे एक हाड, दंडाचे एक आणि सात-आठ बरगड्या एवढे एका पोत्यात कोंबून त्याने माळ्यावर फेकले. दोन्ही हात झटकले आणि दार ओढून घेतले.

त्यानंतर खोली रिकामीच होती. मीना कपडे वाळत घालायला गच्चीवर येई, त्या खोलीत शिरे आणि भिंतीला टेकून बसे. ती रडत नसे. नुसती बसून राही. दोनदा ती चिक्कडपल्लीला आपल्या भावाकडे, हेमंतकडे गेली होती. दोन्ही वेळा तो तिला स्वतः परत आणून सोडून गेला. गच्चीच्या कठड्याशी उभा राहून, सासरी थोडे सोसावे लागते, असे त्याने तिला समजावलेले मी ऐकले आहे. दिवाळीच्या आधी एका दुपारी घरातले सगळे झोपले असताना ती एक पिशवी घेऊन वर आली. बराच वेळ बसली. मग मागच्या जिन्याने लंगडत खाली उतरली. पुन्हा आली नाही. भगवंतरावांनी सांगितले, सून पळून गेली. हेमंतने दोन दिवस चौकशी केली आणि लाजेने तोही गप्प बसला.

मी आठ वर्षे माळ्यावर पडून होतो. उंदरांनी माझी कड कुरतडली, व्हार्निश सोलून गेले, भोकांत माती भरली. खाली विद्यानगर बदलत होते. घरे पाडून अपार्टमेंट उठत होते, कारण संगणकाच्या नोकऱ्यांना शहरात माणसे येत होती. दोन हजार एक साली भगवंतरावांनीही घर बिल्डरला दिले. पाडकाम सुरू झाल्यावर पोते वरून पडले, फाटले, आणि मी मजुरांच्या पायांशी गडगडत गेलो.

तासाभरात गल्ली भरली. प्रथम मजूर कुजबुजले, मग शेजारी, आणि मग कोणीतरी मीनाचे नाव काढले. माझ्यावरची गाठ कोणीतरी पाहिली. तिचा पाय मोडला होता हे सगळ्यांना आठवले. हेमंत आला तेव्हा त्याच्याबरोबर तीस माणसे होती. त्याने मला हातात घेतले, गाठीवरून अंगठा फिरवला आणि भगवंतरावांना म्हणाला, "माझी बहीण पोत्यात घालून ठेवलीत."

त्याने तो राग आठ वर्षे आधी दाखवायला हवा होता. पण आता तो खरा पेटला होता. भगवंतराव शेजारच्या भाड्याच्या घरात राहत होते. त्या घराच्या खिडक्या लोकांनी फोडल्या. कामवाली येईनाशी झाली. चाळीस वर्षे ज्यांच्याबरोबर ते सकाळी फिरायला जात, ते रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले. इन्स्पेक्टर यादगिरी यांनी बापलेकांना चौकीत बसवले. मी तिथेच टेबलावर एका कापडी पिशवीत होतो.

भगवंतरावांना पराग आठवला. तो डॉक्टरकीचा विद्यार्थी होता, हाडे त्याचीच असणार. त्यांनी मोठ्या मिनतवारीने त्याचा अमेरिकेतला नंबर मिळवला. इन्स्पेक्टरांनी फोन लावून दिला. भगवंतराव आधी मोठ्याने बोलत होते, मग हळू, मग नुसते ऐकत राहिले. रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "तो म्हणतो, माझ्याकडे हाडं कधी नव्हतीच. पुन्हा फोन करू नका म्हणाला."

मित्रांनो, माझ्या अंगावर त्याच्याच पेन्सिलीच्या रेघा होत्या. तो आता तिकडे मोठ्या रुग्णालयात होता. हाडे अशी घरात ठेवणे बेकायदा, आणि त्याला आपली नोकरी प्यारी. मी दगड असतो तरी मला त्याची चीड आली असती.

मला न्यायवैद्यक विभागात पाठवले. तिथे डॉक्टर मेघना होत्या. गुन्ह्यांच्या प्रकरणांत शरीराची तपासणी करून न्यायालयाला सांगणे हे त्यांचे काम. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर तुटक. त्यांनी मऊ ब्रशने माझी माती काढली. दोन्ही टोकांची भोके मोकळी केली. मग भिंग घेऊन त्या माझ्या मागच्या कडेवर बराच वेळ वाकल्या. तिथे लाल रंगाची एक फिकट रेघ उरली होती. त्यांनी मला फळीवर ठेवून मोजले, माझ्या वरच्या गोल डोक्याची रुंदी घेतली, एक्स-रे काढला आणि सगळे लिहिले.

सोमवारी त्यांनी इन्स्पेक्टरांना आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना बोलावून घेतले. भगवंतराव हात जोडून म्हणू लागले की आपण एका भाषेची माणसे. बाईंनी त्यांना हातानेच थांबवले. मग सांगितले की हे पुरुषाचे हाड आहे. माणूस साडेपाच फूट उंच होता आणि मीनाबाई जेमतेम पाच फूट होत्या. भोके पाडलेली आहेत, पेन्सिलीच्या खुणा आहेत, म्हणजे हे शिकण्याचे हाड आहे.

हेमंतने ते मानले नाही. भगवंतरावांची न्यायालयात ओळख आहे, अहवाल फिरवला आहे, असे तो तोंडावर म्हणाला. मग बाईंनी त्याला विचारले, "तुमच्या बहिणीच्या मांडीत सळई घातली होती की नुसतं प्लास्टर होतं?"

हेमंतला सांगता आले नाही.

"दवाखान्यात गेला नव्हतात?"

बाईंनी दवाखान्यातून मागवलेला कागद पुढे सरकवला. सळई होती. माझ्यात सळईची खूणही नव्हती.

बापलेकांना सोडले. पण गल्लीचे मन निवळले नाही. हाड तिचे नाही तर मग ती कुठे आहे, असे लोक विचारू लागले. वर्तमानपत्रातही तेच छापून आले. मीनाचा लग्नातला फोटो होता आणि खाली डॉक्टरांचे नाव. तो अंक वरंगळच्या एका रुग्णालयात परिचारिकांच्या खोलीत पडला होता. मीनाने तो दुपारच्या चहाच्या वेळी उघडला. तिथेच तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते आणि तिथेच ती नोकरी करीत होती.

गुरुवारी ती थेट डॉक्टर मेघनांकडे आली. उजवा पाय किंचित ओढत चालत होती. मी टेबलावर होतो. माझ्याकडे पाहून तिने नाक मुरडले नाही, तिला हाडांची सवय होती. बाईंनी इन्स्पेक्टरांना फोन केला आणि त्यांनी पुन्हा सगळ्यांना आणले.

भगवंतराव तिला पाहून उठून उभे राहिले. जिवंत होतीस तर कळवायचे नाही का, एवढेच ते बोलू शकले. प्रकाशचा चेहरा लाल झाला होता. त्याने विचारले की कुटुंबाची एवढी बेअब्रू झाली, त्याची तिला काही शरम आहे का.

मीना त्याच्याशी बोललीच नाही. इन्स्पेक्टरांकडे वळून म्हणाली, "मला यांनी जिवे मारलं नाही, ते लिहून घ्या. माझा पाय यांनी मोडला, तेही लिहून घ्या."

यादगिरी पेन हातात धरून थांबले. "आठ बरस हो गये, अम्मा. अब कायकू?"

"तेव्हाही सांगितलं होतं. ज्यांना सांगितलं ते या खोलीतच बसले आहेत."

हेमंतने वर पाहिले नाही.

तिच्या पायाचा नवा एक्स-रे काढला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडाशी धरला. सळई पांढरीशुभ्र दिसत होती. बाई म्हणाल्या, "हाड पीळ पडून मोडलंय. पाय पायरीवर अडकला आणि अंग फिरलं की असं मोडतं. कसं मोडलं ते मी सांगू शकते. ढकललं की घसरल्या, ते हाड सांगत नाही."

"ते मी सांगते," मीना म्हणाली. आणि खुर्ची ओढून बसली.

तिने सगळे सांगितले. इन्स्पेक्टर लिहीत होते. प्रकाश मध्येच उठून जाऊ लागला तेव्हा शिपायाने त्याला परत बसवले. मी प्रत्येक शब्द ओळखत होतो. ती एकही शब्द वाढवून बोलली नाही.

जाताना हेमंत दाराशी उभा होता. त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि घरी चल म्हणाला. ती म्हणाली, "दादा, मी दोनदा आले होते." पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली आणि स्टेशनाकडे निघाली.

खटला अजून चालू आहे. मीना प्रत्येक तारखेला रजा काढून वरंगळहून येते आणि त्याच दिवशी परत जाते. प्रकाशचा वकील बहुतेक वेळा पुढची तारीख मागतो. परागचे पत्र आले नाही. माझ्यावर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून डॉक्टर मेघनांनी रीतसर नोंद करून मला विभागाच्या कपाटात ठेवले आहे. दरवर्षी नवी मुले मला हातात घेतात आणि मी पुरुषाचा की बाईचा, उंच की बुटका, ते ओळखतात. चांगली ओळखतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी पोलीस, कोणी न्यायाधीश. हाडांना प्रश्न विचारायला तुम्ही नक्की शिकाल. त्यात काही विशेष नाही, आम्ही कुठे पळून जात नाही. पण तुमची बहीण दाराशी येऊन "मला परत पाठवू नका" म्हणाली, तर तिला त्याच दिवशी घरात घ्या. तिची हाडे शाबूत आहेत तोवरच घ्या.